मदत हवी आहे: जुन्या लाकडी खिडक्या ठेवायच्या की काढायच्या? लवकर सांगा

ओटीवरचा
नमस्कार. गावच्या घराच्या खिडक्या लागत नाहीयेत. सुतार बघून गेला, म्हणतो सगळं कुजलंय, काढून टाका आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या लावा. घरात ते कोणालाच पटलेलं नाही. पण गणपतीला सगळी मंडळी येणार आणि पाणी थेट आत येतंय. दोन झडपा रंधून घेतल्या, तरी परत अडकतात. लाकडाला काय लावायचं आणि नवीन लाकूड घ्यायचं तर कोणतं, एवढंच सांगा. रविवारी सामान आणायचंय.

रंधा_पटाशी
एवढ्या माहितीवर कोणी काही सांगितलं तर ते अंदाजपंचे असेल. खिडक्या किती? तोंड कुठल्या दिशेला? लाकूड कोणतं? अडकतात म्हणजे नेमक्या कुठे: वर, खाली, बिजागरीच्या बाजूला, की दोन झडपा मधे एकमेकींना? आणि "कुजलंय" हे टोचून बघितलं की नुसतं बघून सांगितलं?

तोवर रंधा बंद ठेवा. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. फळ्यांची झडप असेल तर तीन-चार मिमी फुगणं नेहमीचं. आता तेवढं काढलंत की एप्रिलमध्ये तेवढीच फट पडणार, आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच येणार. शिवाय रंधलेली कड कोरी राहते, म्हणजे ती अजून जास्त पाणी पिते. तुमच्या दोन झडपा परत अडकल्या त्या बहुतेक यामुळेच.

निवांत
एवढी यातायात कशाला? यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या लावा. वाळवी नाही, गंज नाही, दर दोन वर्षांनी रंग नाही. ॲल्युमिनियमच घेणार असाल तर ॲनोडाइज्ड (गंजरोधक थर दिलेलं) घ्या आणि स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा. 304 वर खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतात.

ओटीवरचा
@निवांत, लाकूडच ठेवायचंय, म्हणून तर विचारतोय.
@रंधा_पटाशी, साग असावा. खाली अडकतात. लाकडाला काय लावायचं ते सांगाल का?

काजूबी
काजूच्या टरफलाचं तेल. मच्छीमार होड्यांना लावत आलेत ते उगाच नाही. एक भाग तेल, एक भाग रॉकेल, ब्रशने पहिला हात. लाकूड पिऊन झालं की दुसरा हात कमी रॉकेल घालून. वाळवी, भुंगेरा जवळ येत नाही. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच काम करा, कच्चं तेल अंगावर पडलं तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते. काजू कारखान्यात मिळतं.

खारावारा
तेलाचं नंतर बघू. भिंत कसली आहे? बाहेरून गिलावा आहे का, चुन्याचा की सिमेंटचा? गज लोखंडी की लाकडी? समुद्र किती लांब? वर छज्जा किंवा पडवी आहे का?

ओटीवरचा
दापोली तालुका, समुद्र अगदी जवळ. भिंत जांभ्याची, बाहेरून नंतर सिमेंटचा गिलावा केलाय. गज लोखंडी, गंजलेले. एकूण सात खिडक्या, पण त्रास पश्चिमेच्या तिघींचाच, बाकीच्या ठीक लागतात. पश्चिमेला पडवी नाही. मी पुण्यात असतो, घरी काका-काकू आहेत. फोटो उद्या मागवतो.

खारावारा
हे आधी लिहायला हवं होतं. सातपैकी चार ठीक, म्हणजे "सगळं कुजलंय" हे तिथेच निकालात निघालं. लाकूड सगळीकडे एकच आहे. फरक आहे तो झडीच्या पावसाचा.

पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधा. जागा साधारण तीन.

पहिली म्हणजे गजाचं खालचं भोक. झडीचं पाणी गजावरून ओघळत चौकटीच्या खालच्या आडवीत उतरतं आणि तिथेच साचतं. लोखंड गंजलं की फुगतं, लाकूड उभं चिरतं, त्या चिरेतून आणखी पाणी. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत भुसा झालेला असतो. काकांना सांगा, प्रत्येक गजाच्या बुडाशी पेचकस दाबून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं. पाच मिमीच्या वर सहज गेलं तर तिथलं लाकूड गेलं समजा. हातोडीच्या दांड्याने ठोकूनही कळतं, कुजका भाग बद्द वाजतो.

दुसरी जागा म्हणजे खालच्या आडवीचा उतार. मुळात तिला बाहेरच्या बाजूला ढाळ असतो, पण रंगाचे थर आणि लांबी (पुट्टी) भरून भरून तो सपाट होतो. आठास एक इतका तरी ढाळ परत काढा. आडवीच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, सहा मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडा, म्हणजे पाणी खालून मागे भिंतीकडे न ओढता तिथूनच ठिबकतं. ही खाच आजकाल कोणी पाडत नाही आणि निम्मी दुखणी त्यामुळेच आहेत.

तिसरी, सिमेंटचा गिलावा. जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुन्यातून ते बाहेर पडायचं, सिमेंटमुळे आत कोंडतं आणि चौकटीच्या पाठीत मुरतं. सगळा गिलावा काढा असं म्हणत नाही. चौकटीभोवती चार इंच फोडून तेवढ्यात चुना आणि चाळलेली वाळू, एकास तीन, भरून घ्या. चौकट काढावीच लागली तर भिंतीकडच्या अंगाला डांबराचे दोन हात देऊन मगच बसवा.

रंधा_पटाशी
खाचेबद्दल शंभर टक्के सहमत.

कुजलेल्याची दुरुस्ती अशी. मऊ भाग संपून चांगलं लाकूड लागलं की त्याच्याही पुढे दोन इंच कापायचं. चौकटीच्या उभीचा पाय गेला असेल तर जोड तिरका घ्या, लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान दुप्पट, आणि उतार बाहेरच्या अंगाला खाली, म्हणजे सांध्यात पाणी थांबत नाही. बरेच सुतार सरळ काटकोनात कापून खिळे मारतात, तो जोड दोन पावसाळ्यांत उघडतो. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं थिनरने पुसून घ्या, नाहीतर ग्लू धरत नाही. ग्लू इपॉक्सी किंवा मरीन, साधा पांढरा पाण्यात सुटतो. वरून सागाच्या दोन खुंट्या आरपार. लोखंडी खिळा तिथे नकोच, सागात लोखंड गेलं की भोवती काळं पडतं. जुने काळे डाग घालवायचे तर ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, हातमोजे घालून, नंतर स्वच्छ धुवून.

झडप खाली टेकत असेल तर आधी वरची बिजागरी बघा. स्क्रूची भोकं मोठी झाली की झडप नाक खाली टाकते आणि लोक खालून रंधत बसतात. भोकात सागाची खुंटी ग्लू लावून ठोका आणि पितळी स्क्रू नव्याने आवळा. झडपेच्या कोपऱ्यात कुसू (सांध्यात घुसलेलं लाकडाचं टोक) ढिला असेल तर पाचर बदला.

रंगारी
तेलाबाबत माझा काजूबींशी स्पष्ट मतभेद. टरफलाचं तेल एकदा मारलं की त्यावर ऑइलपेंट नीट वाळत नाही, चिकट राहतो. होडीला ठीक, घराच्या रंगवायच्या खिडकीला नको. अळशीचं डबल बॉइल्ड घ्या, पहिल्या हातात थोडं टर्पेंटाइन, कोरड्या लाकडावर दोन हात, मग प्रायमर आणि रंग. झडपेची खालची कड आणि फळ्यांची डोकी (कापलेली टोकं) तेलात तीनदा भिजवा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच ओढलं जातं आणि रंगवताना नेमकी तीच राहून जातात. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा.

आणखी एक. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओला घासा, लहान मुलं लांब ठेवा. हीट गन नकोच.

काजूबी
नुसतं अळशीचं तेल कोकणात बुरशी धरतं, काळे ठिपके येतात. हे पण सांगा की.

रंगारी
नुसतं ठेवलं तर धरतं. म्हणूनच वर रंग म्हटलंय.

काजूबी
आणि रंगाला एक चीर गेली की आतलं पाणी बाहेर निघायला जागा राहत नाही. तेलाचं लाकूड दरवर्षी मे महिन्यात एक हात मारलं की झालं, खरवडायचं काम नाही. ज्यांना रंगवायचंच नाही त्यांनी टरफलाचं लावावं, ज्यांना रंगवायचंय त्यांनी लावू नये. वाळवीसाठी अळशीच्या तेलाखाली काय देताय ते सांगा.

रंगारी
बोरॅक्स 60 ग्रॅम आणि बोरिक ॲसिड 40 ग्रॅम, लिटरभर गरम पाण्यात. कोरड्या कोऱ्या लाकडावर दोन-तीन हात, पूर्ण वाळल्यावर तेल. पावसात धुऊन जातं म्हणून वर आवरण हवंच, ते मान्य.

सातबारा
नवीन लाकडासाठी कोणी परसातला फणस पाडायचं सुचवण्याआधी सांगून ठेवतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस सगळे आहेत. झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी आधी परवानगी घ्यावी लागते. मालकीचा उतारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील.

ओटीवरचा
कोणी फणस पाडत नाहीये. काकांनी पेचकस घालून बघितलं: मधल्या खिडकीत दोन गजांच्या बुडाशी टोक पूर्ण आत जातं, बाजूच्या दोघींत कुठेच नाही. एका झडपेची वरची बिजागरी हलते. मग मधली बदलायची का? आणि गणपतीपर्यंत काय करू, ते कोणीच सांगितलेलं नाही.

रंधा_पटाशी
बदलायची नाही. मधल्या खिडकीची खालची आडवी एकच तुकडा नवीन करायची, बाकी चौकट जागेवर. लाकूड जुन्या वाशाचं किंवा जुन्या दाराचं साग शोधा, मुरलेलं असतं, हलत नाही. नवीन सागात गाभ्याचंच घ्या, कडेचा पांढरा पट्टा असेल तर सोडा, भुंगेरा तिथूनच सुरू होतो. साग परवडत नसेल तर झडपेच्या फळ्यांना शिवणीच्या झाडाचं लाकूड चालतं, हलकं आणि न वाकणारं. ऐन झडपेला नको, जड होतं आणि पिळतं.

हे सगळं दिवाळीनंतर. लाकडाची ओल पंधरा टक्क्यांखाली आल्याशिवाय ना ग्लू धरेल ना रंग, आणि ती आत्ता येणार नाही.

गणपतीपुरतं: बिजागरी दुरुस्त करा. गजांच्या बुडाशी कुजका भुसा काढून, कापडाने टिपून, तात्पुरतं डांबर भरा. रंधलेल्या कोऱ्या कडांना मेण घासा. आणि पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांवर बाहेरून दीड-दोन फूट पुढे येईल असा पत्रा किंवा माडाच्या झावळ्यांचा झाप बांधा. पाणी लाकडापर्यंत पोचलंच नाही तर झडपा पंधरवड्यात बऱ्याच सैल होतात.

सावंतवाडीकर
अवांतर: झडपांना बाहेरून अडकवायला आकडे आहेत का? 2020 च्या निसर्ग वादळात तुमच्याच पट्ट्यात उघड्या राहिलेल्या झडपा बिजागऱ्यांसकट उपटल्या गेल्या होत्या. आकडे पितळी घ्या. शिंपल्यांच्या जुन्या झडपांबद्दल कोणाला माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वेंगुर्ल्याकडे एका घरात आहेत.

खारावारा
शिंपल्यांसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

@ओटीवरचा, झाप बांधताना भिंतीला टेकवू नका, वितभर अंतर सोडा, हवा खेळली पाहिजे. गज नवीन घालणार असाल तर आडवी करताना खालचं भोक आरपार पाडा, पाणी खाली निघून जाईल. जुनेच ठेवणार असाल तर पूर्ण घासून रेड ऑक्साइडचे दोन हात, बुडाचा दोन इंच भाग आधी इपॉक्सीत.

ओटीवरचा
ठीक. रविवारी पत्रा, डांबर, मेण आणि पितळी स्क्रू एवढंच आणतो. स्क्रू किती लांबीचे?

रंधा_पटाशी
झडपेच्या उभीची जाडी मोजून सांगा. सव्वा इंच असेल तर एक इंची, नंबर आठ. बिजागरीची भोकं आठ नंबरला बसतात का ते काकांना बघायला सांगा, जुन्या बिजागऱ्यांची कधीकधी बारीक असतात.