विषय: डिसेंबरचा मुलांचा कार्यक्रम – मखमली सशाचा सिनेमा

बालविभागाकडून:

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीतल्या मुलांच्या दुपारसाठी ‘द व्हेल्वेटीन रॅबिट’, म्हणजे एका मुलाच्या खेळण्यातल्या मखमली सशाची गोष्ट, दाखवू या असं दोन-तीन आयांनी सुचवलंय. ॲपल टीव्हीवर २०२३ साली आलेला, जेमतेम पाऊण तासाचा, म्हणजे छोटी मंडळी चुळबुळ करायच्या आत संपेल. प्रोजेक्टर मंडळाचा आहेच. सबस्क्रिप्शन कोणाकडे आहे? आणि कोणाची काही हरकत असेल तर आत्ताच सांगा, आयत्या वेळी नको.

एका बाबांचं उत्तर:

ताई, माझी थोडी हरकत आहे. मूळ गोष्ट मी मुलीला वाचून दाखवायला घेतली होती. मुलाला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर पुरळ येणारा सांसर्गिक ताप, होतो आणि डॉक्टर सांगतात की तो ससा जंतूंनी भरलाय, ताबडतोब जाळून टाका. मुलगी पाच वर्षांची आहे, तिथेच पुस्तक मिटलं. एवढ्या लहान मुलांना हे कशाला? याच गोष्टीवर दिग्दर्शक मायकल लँडन ज्युनियरचा २००९ चा सिनेमा पण आहे, तो लांब आहे पण त्यात आजी, बाबा, मुलगा अशी कुटुंबाची गोष्ट जास्त आहे, तो बघा ना. नाहीतर ते जाळण्याचं तेवढं गाळून गोष्ट सांगू.

ग्रंथालयाकडून:

दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण कृपा करून ते गाळू नका. हे मी अगदी मनापासून लिहितेय कारण ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

आधी सिनेमाचं. ताई, घरच्या सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये सिनेमा लावता येत नाही, सार्वजनिक खेळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, मग तो ॲपलचा असो की २००९ चा. गोष्टीला मात्र इथे अमेरिकेत कोणाची परवानगी लागत नाही. मार्जरी विल्यम्सचं पुस्तक १९२२ चं आहे, त्यावरचे हक्क केव्हाच संपलेत, विल्यम निकल्सनच्या चित्रांसकट. म्हणून माझं म्हणणं असं की सिनेमा ज्याने त्याने घरी बघावा आणि हॉलमध्ये आपण मराठीतून अभिवाचन करू या, चित्रं पडद्यावर मोठी करून.

२०२३ च्या सिनेमात मुलाला विल्यम नाव दिलंय, पुस्तकात तो नुसता ‘मुलगा’ आहे. हा विल्यम नुकताच नव्या घरी राहायला आलाय, बुजरा आहे, मित्र नाहीत. आपल्यातल्या किती घरांनी नोकरीपायी दर दोन-चार वर्षांनी गाव बदललंय, त्या मुलांना हे पहिल्या पाच मिनिटांतच पोचेल. आणि ही भर मला उपरी वाटत नाही, कारण लेखिका स्वतः लंडनची, सात वर्षांची असताना वडील गेले आणि नवव्या वर्षी ती अमेरिकेत आली. खेळण्यांतला म्हातारा घोडा अभिनेत्री हेलेना बॉनहॅम कार्टरच्या आवाजात बोलतो तेही छान जमलंय.

पण सिनेमात खेळणी हलतात, उडतात, ॲनिमेशन येतं, डोळे दिपतात. पुस्तकातला ससा तसा नाहीये हो. आत भुसा भरलेला, मागचे पायच नाहीत, खालचं सगळं एकसंध शिवलेलं. रानातले खरे ससे येतात आणि उडी मार म्हणतात तेव्हा तो नुसता बसून राहतो, मागची बाजू त्यांना दिसू नये म्हणून. ती चार वाक्यं मोठ्याने वाचली ना की खोलीतली मुलं गप्प होतात, मी पाहिलंय. आणि घोड्याच्या शेपटीचे केस मण्यांच्या माळा ओवायला उपटून नेलेले, अंगावरची लव झडून शिवण दिसतेय, आणि तोच सशाला सांगतो की कोणी खूप वर्षं जीव लावला की खेळणं खरं होतं, तोवर ते झिजलेलं असतं. तिथे एक लाकडी सिंह पण आहे, युद्धात अपंग झालेल्या सैनिकांनी बनवलेला. १९२२, म्हणजे पहिलं महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, एका ओळीत तो काळ येऊन जातो.

आता जाळण्याचं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, स्कार्लेट फीव्हरने मुलं दगावायची, डॉक्टर दुष्ट म्हणून ते सांगत नाहीत, मुलाच्या जिवासाठी सांगतात. ससा पोत्यात घालून बागेच्या टोकाला, कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवतात आणि इतके दिवस त्याला जपणारा मुलगा तिकडे नव्या सशाला घेऊन झोपलेला असतो, उद्या समुद्रावर जायच्या आनंदात. हे गाळलं तर सशाच्या डोळ्यातून पाणी येणार नाही, त्या थेंबातून फूल नाही, फुलातली परी नाही आणि तिने खरा ससा केल्यावर मिळणारे मागचे पायही नाहीत! दादा, लेक जिथे थांबली तिथून पुढे फार थोडी पानं आहेत. तिला सशाने पहिली उडी मारलेली ऐकू द्या. अर्ध्यावर राहिलेली गोष्ट जास्त भीती घालते.

एका काकांचं उत्तर:

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरं तपासून लोकांचं सामान बाहेर काढून जाळत, आमच्या घरात त्या काळच्या गोष्टी मागच्या पिढ्यांकडून चालत आलेल्या. मुलांपासून कोणी लपवल्या नाहीत, मांडीवर घेऊन सांगितल्या. घोड्याचं वाचन मला द्याल का? आवाज अजून लागतो.

त्याच बाबांचं उत्तर:

ठीक आहे, पटलं. आज झोपताना उरलेली पानं वाचतो. तिने विचारलं की मुलाला तो ससा परत भेटतो का, तर काय सांगू?

ग्रंथालयाकडून:

भेटतो दादा, वसंतात, रानात. मुलगा म्हणतो, हा अगदी माझ्या जुन्या सशासारखा दिसतो. तोच आहे हे त्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं, तेव्हा तिला सांगू नका, तिचं तिला ओळखू द्या.

काका, घोडा तुमचाच. गोष्टीत मुलाला सांभाळणाऱ्या दाईचं काम करायला कोणी आहे का? मराठी संहिता रविवारपर्यंत पाठवते, साधारण पंचवीस मिनिटांची होईल. चार वर्षांखालच्या मुलांसाठी शेजारच्या खोलीत चित्रं रंगवायची सोय बालविभागाने करावी, ज्यांना आत बसवायचं नाही त्यांची अडचण होणार नाही. आणि मुलांनी घरून आपलं सगळ्यात जुनं, फाटकं खेळणं घेऊन यायचं, नवं नको.