मदत हवी आहे: व्होल्टेज पडलं की मोटार जास्त अँपिअर का ओढते?
मंडळी, आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. गिझरचं गणित जुळतं: २३० व्होल्टला २००० वॉट, म्हणजे करंट ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम. १८० ला तोच रेझिस्टन्स धरला तर ६.८ अँपिअर आणि जेमतेम १२२५ वॉट. पाणी उशिरा तापतं ते त्यामुळेच.

विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीचं मात्र उलटं! व्होल्टेज पडलं की क्लॅम्प मीटरचा (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) आकडा चढतो, बॉडी चटका बसेल इतकी तापते. म्हणजे व्होल्टेजला करंटने भागून काढलेला रेझिस्टन्स इथे कामाचा नाही ना? वॉट काढताना पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी प्रत्यक्ष वॉट किती, ते प्रमाण) कसा धरायचा? आणि मुख्य म्हणजे, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरलाच सेट करू का? वाइंडिंग जळण्याआधी हे करायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.