बाबांच्या १६० कॅसेट्स घरीच डिजिटल करायच्यात, सुरुवात कुठून करू?

गिरगावकरीण:
नमस्कार मंडळी. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीच्या आत खोली रिकामी करायचीये, आणि माळा आवरताना बाबांच्या कॅसेट्सच्या दोन पिशव्या निघाल्या, मोजल्या तर १६० भरल्या. बरंचसं नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग असं विकतचं आहे, पण साधारण ३० घरी भरलेल्या आहेत आणि त्यातल्या एकीवर बाबांच्या अक्षरात "आई, जात्यावरच्या ओव्या, राजापूर, मे १९८७" असं लिहिलंय. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाहीये. आता नेमकी त्याच कॅसेटची अवस्था वाईट आहे, कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते, आणि टेप हेडवर (डेकमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो तो स्पंज सुटून आत खुळखुळतोय. मी अजून लावलेली नाही, हिंमतच होत नाही. ऑनलाइन स्वस्तात यूएसबीवाला कॅसेट प्लेअर मिळतोय तो घेऊ का? बाबांचा जुना डेक आहे पण चालू केला की मोटर फिरते, कॅसेट हलत नाही.

टेपवेडा_परळ:
ताई, लावली नाहीत ते फार बरं केलंत. बुरशीची कॅसेट वाजवली की ती हेडवर बसते आणि नंतर लावाल त्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी वेगळ्या झिपच्या पिशवीत टाका, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा, आपल्या मुंबईच्या हवेत एवढं करावंच लागतं. त्यानंतर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, टेप हाताने हळूहळू फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसायची. स्पंजसाठी कॅसेटचं शेलच बदला. स्क्रूवाली एखादी नको असलेली कॅसेट घ्या, पाचही स्क्रू काढा, तिची टेप बाहेर आणि आजीच्या टेपची दोन्ही चाकं आत. आधी दोन भंगार कॅसेट्सवर हात बसवा, मगच हिला हात लावा. आणि लावायच्या आधी वरच्या दोन्ही टॅब तोडलेल्या आहेत का बघा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलंच.

स्वस्त यूएसबी प्लेअर अजिबात नको, स्पीड डुगडुगतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. बाबांचा डेक बहुतेक बेल्टमुळे अडलाय, रबर आहे, इतक्या वर्षांत सैल पडतो नाहीतर वितळून डांबर होतो. लॅमिंग्टन रोडला विचारा, बेल्ट बदलून देणारे अजून आहेत. हेड आणि कॅपस्टन (टेप पुढे ओढणारी बारीक दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने इअरबड घेऊन पुसायचे, बड तपकिरी यायचा थांबेपर्यंत. डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपला देणारी छोटी डबी) आणि तिथून लॅपटॉपवर ऑडासिटीत, हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर आहे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, ते बऱ्याचदा मोनो असतं आणि आवाज फाटतो.

ठाण्याची_सुमेधा:
वरचं सगळं बरोबर, पण अ‍ॅझिमथ (टेपशी हेडचा कल) कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, कारण मी यात पुरती पस्तावलेय. ८० कॅसेट्स भरून झाल्यावर कळलं की सगळ्यांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतोय, परत पहिल्यापासून बसले. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. घरी टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटचा कल तुमच्या डेकशी जुळेलच असं नाही, त्यामुळे दर कॅसेटला वाजवता वाजवता तो स्क्रू अगदी केसभर फिरवायचा, आवाज मोनो करून ऐकायचा, आणि स, श सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबायचं. डॉल्बी (डेकवरचं खरखर कमी करायचं बटण) बंद ठेवा.

अजून एक. ८७ साली गावाला म्हणजे टू-इन-वन सेलवर चालवला असेल ना? सेल उतरलेले असले तर रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते, मग आज बरोबर स्पीडला वाजवली की आवाज पातळ, घाईघाईचा येतो. तो ऑडासिटीत स्पीड बदलून दुरुस्त होतो, पण किती बदलायचा ते ज्याने आजीला ऐकलंय त्यालाच कळणार. बाबांना शेजारी बसवा.

रेकॉर्डरूम_दादर:
१६० च्या १६० च्या मागे लागू नका. ६० मिनिटांची कॅसेट भरायला ६० मिनिटंच लागतात, त्यात शॉर्टकट नाही. घरच्या ३० आधी करा, विकतच्यांपैकी बरंचसं आज ऑनलाइन सापडतं, जे सापडणार नाही तेवढंच नंतर भरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, तासाला साधारण १ जीबी. रेकॉर्डिंगची लेव्हल वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मग फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) करून दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, नातेवाइकांसाठी एमपी३ वेगळी. आणि कळकळीने सांगतो, मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन मारू नका. जात्याची घरघर त्याला गोंगाट वाटेल आणि ओवीच्या खालचं जातंच निघून जाईल.

गिरगावकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. बेल्ट बदलून आणला, शेल बदललं (तिसऱ्या प्रयत्नात जमलं), काल रात्री बाजू ए भरली. सुमेधाताई, तुम्ही म्हणालात तस्संच, आवाज पातळ येत होता, कोणी शाळकरी मुलगी गातेय असं वाटत होतं. बाबा शेजारी बसले, मी एकेक टक्का स्पीड कमी करत गेले, ते मान हलवत होते, नाही, अजून जाड, अजून. वजा ६ टक्क्यांवर काहीच बोलले नाहीत. मग जातं थांबलं आणि टेपमधून आजी म्हणाली, "पुरे आता, पीठ सांडतंय." बाबा म्हणाले, हा तिचा आवाज.

बाजू बी आज रात्री.