शब्दचर्चा: ‘आयन चॅनेल’ला मराठीत काय म्हणाल?

पानवेल:
एका मासिकासाठी मज्जातंतू आणि स्नायूंमधल्या आयन चॅनेलांवरचा लेख मराठीत करते आहे. ‘आयन’ (विद्युतभारित अणू) आयनच राहू दे, त्यावर वाद नाही. गाडी अडली आहे ती ‘चॅनेल’पाशी. आतापर्यंत सापडलेले पर्याय: वाहिनी, नलिका, मार्गिका, द्वार. संपादकांना ‘वाहिनी’ हवी आहे, कारण रक्तवाहिनीमुळे शब्द ओळखीचा आहे. मला मात्र तीच खटकते. वाक्य असं: ‘चेतापेशीच्या पटलातील सोडियम वाहिन्या उघडल्या की सोडियम आत शिरते.’ जाणकारांनी मत द्यावं.

उंबरठा:
खटकायलाच हवी. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. रक्तवाहिनी, जलवाहिनी, वीजवाहिनी या सगळ्या लांबलचक असतात आणि काहीतरी इथून तिथे वाहून नेतात. चॅनेलचं तसं नाही. पेशीपटलाची जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर. त्यात आरपार बसलेलं एक प्रथिन आणि त्याच्या मधोमध भोक, एवढाच हा कारभार. ते प्रथिन आयनांना कुठे ‘नेत’ नाही. बाहेर सोडियम जास्त, आत कमी. शिवाय पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण. वाट मोकळी झाली की आयन आपल्या पायांनी आत येतात, तेही एका भोकातून सेकंदाला एक कोटीच्या घरात.

‘वाहिनी’ वाचून मुलांच्या डोक्यात काय चित्र तयार होतं सांगू? मज्जातंतूच्या पोटात एक बारीक नळी आहे आणि तिच्यातून सोडियम बोटापासून मेंदूपर्यंत धावत जातं. प्रत्यक्षात आयन पटलातून आडवे शिरतात आणि संदेश तंतूच्या लांबीने पुढे सरकतो. ‘नलिके’तही तोच घोळ आहे.

चहाटळ:
मग ‘द्वार’ घ्या की. सोडियमद्वार, पोटॅशियमद्वार, उत्तरद्वार, महाद्वार. भारदस्त वाटतं.

उंबरठा:
द्वार इतक्यात खर्ची घालू नका, पुढे लागेल. चॅनेल हे अख्खं प्रथिन. त्यातला उघडमीट करणारा भाग म्हणजे गेट, तो वेगळा. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये चेतातंतूतल्या संदेशाची समीकरणं मांडली, तेव्हा चॅनेल कोणी पाहिलेलं नव्हतं. पण विद्युतदाब बदलला की उघडणारं काहीतरी आणि थोड्या उशिराने वाट अडवणारं दुसरं काहीतरी, असे दोन हिशेब त्यांना सोडियमसाठी वेगवेगळे धरावे लागले. चॅनेललाच द्वार म्हटलंत तर या दोघांना काय म्हणणार? ‘द्वाराचे दार’?

माझं मत मार्गिकेला. आणि सोडियम-पोटॅशियम पंपाला पंपच म्हणा. तो खरोखर ऊर्जा खर्चून आयन उपसतो, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, सेकंदाला काहीशे. मार्गिकेपुढे अगदीच गोगलगाय. अनुवादांमध्ये या दोघांची सरमिसळ फार दिसते.

चहाटळ:
मार्गिका म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दहिसर ते अंधेरी उभं राहतं. ‘पोटॅशियम मार्गिकेवर तांत्रिक बिघाड, सेवा विस्कळीत.’

पानवेल:
हसले, पण हे वाक्य लेखात तसंच्या तसं चालेल! एक परिच्छेद अशाच बिघाडावर आहे. थॉमसेन या डॅनिश डॉक्टरने १८७६ मध्ये स्वतःच्या घराण्यातला एक आजार लिहून ठेवला. तो त्याला स्वतःलाही होता. मूठ वळली की पटकन उघडत नाही, बसलेला माणूस उठून चालायला लागला की पहिली काही पावलं पाय लाकडासारखे, मग हळूहळू मोकळे. स्नायूंच्या पटलातली क्लोराइडची मार्गिका नीट चालत नाही म्हणून स्नायू एकदा उद्दीपित झाला की शांत व्हायला वेळ लागतो, हे पुढे शंभरेक वर्षांनी उलगडलं. अशा आजारांना ‘मार्गिकाविकार’ म्हणू का? ‘चॅनेलोपथी’ वाचून लोकांना होमिओपथी आठवेल.

उंबरठा:
म्हणा. वाचताक्षणी कळतो.

दर्याकाठ:
विषय निघालाच आहे तर लेखात ‘महाकाय स्क्विडचा अक्षतंतू’ असं कुठे असेल तर आधी खोडा. मी हे छापील मजकुरात वाचलं आहे. महाकाय आहे तो अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा; प्राणी नव्हे. प्राणी आपल्या बाजारात मिळतो त्या माकुलाच्या जातकुळीतला, साधा. त्याचा एक तंतू मात्र अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. धोका दिसला की अंगातलं पाणी एकदम फेकून माकुल मागे सटकतं. त्या स्नायूंना हुकूम पोचवणारा हा तंतू. एवढा जाड म्हणूनच १९३९ मध्ये प्लिमथला हॉजकिन-हक्सलींना त्याच्या आत लांबीने तार सरकवून विद्युतदाब मोजता आला. आणि कृपा करून ‘स्क्विड’ऐवजी ‘माकुल’ लिहा. कोकणातल्या वाचकाला अर्थ सांगावा लागणार नाही.

पानवेल:
माकुल पक्कं. बाकीच्या वाचकांसाठी एकदा ‘स्क्विड म्हणजेच माकुल’ असं लिहीन.

सराफा:
मी इंदूरची, घरी मराठी, शाळा हिंदी. हा धागा वाचताना मला दर दोन ओळींनी ठेच लागते आहे. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मसल आणि सेल म्हणजे ‘कोशिका’. ‘स्नायु’ म्हणजे तर नर्व्ह! त्यामुळे ‘स्नायूपेशी’ हा शब्द मला आधी ‘मज्जातंतूचा मसल’ असा ऐकू येतो. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘स्नायू दुखावलाय, शेकते’, आणि मी घाबरून न्यूरॉलॉजिस्टचं नाव शोधायला लागले.

उंबरठा:
तुमची ठेच रास्त आहे. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गट आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. हिंदीने पेशी मूळ जागी ठेवली आणि स्नायू मज्जातंतूंकडे पाठवला. मराठीने स्नायूला मांसात आणलं आणि पेशी सेलला देऊन टाकली. दोन्हीकडे आता रुळलंय, मागे फिरण्यात अर्थ नाही. पण हिंदी लेख समोर ठेवून मराठी करणाऱ्यांनी इथे फार जपावं. ‘स्नायु कोशिका’चं ‘स्नायू पेशी’ करून मोकळं झालं की अख्खा लेख उलटा.

चहाटळ:
आणि ‘मज्जा’? अस्थिमज्जा हाडात, मज्जातंतू अंगभर, आणि मज्जा आली ती वेगळीच.

उंबरठा:
तिथे मी हात टेकले आहेत. विश्वकोशात तंत्रिका तंत्र, शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था, वर्तमानपत्रात मज्जासंस्था, आणि पेशंट म्हणतो ‘नस दबली’. पानवेल, एक शब्द धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तुमच्या प्रश्नातच मज्जातंतू आणि चेतापेशी दोन्ही आहेत. चेतापेशी, चेतातंतू असं सलग करा.

दर्याकाठ:
मार्गिकेतला जो अरुंद भाग ठरावीक आयनच पुढे सोडतो, त्याला ‘निवडचाळणी’ हा शब्द एका व्याख्यानात ऐकला होता. कसा आहे?

उंबरठा:
नको! चाळणी मोठं अडवते, बारीक सोडते. पोटॅशियमच्या मार्गिकेत नेमकं उलटं घडतं. सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी अडतो तो सोडियम. पोटॅशियम सुखाने जातो. वर्षानुवर्षं हे कोडंच होतं. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी एका जीवाणूच्या पोटॅशियम मार्गिकेची स्फटिकरचना मांडली तेव्हा ते सुटलं. आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. अरुंद भागात शिरताना ते उतरवावं लागतं, आणि त्याच्या बदल्यात तिथे ऑक्सिजनचे अणू बरोबर त्याच अंतरावर मांडलेले आहेत, पोटॅशियमच्या मापाने. लहानग्या सोडियमला ते नीट कवेत घेऊ शकत नाहीत, म्हणून पाणी सोडून आत यायला तो राजी होत नाही. याला मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या भागाला मी वर्गात ‘पारखभाग’ म्हणते. छापायला ओबडधोबड आहे, पण अर्थाचा घात करत नाही.

क्रियापदाचंही बघा. ‘मार्गिका हळूहळू उघडते’ असं लिहू नका. नेहर आणि झाकमान यांनी १९७६ मध्ये, चेतातंतू तोडलेल्या बेडकाच्या स्नायूवर काचेच्या बारीक नळीचं तोंड टेकवून एकेका मार्गिकेतला प्रवाह मोजला. काही पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही लाखकोट्यांश. आलेखात प्रवाह पायरीसारखा एकदम चढतो, थोडा वेळ सपाट राहतो आणि एकदम उतरतो. मधलं काही नाही. हळूहळू वाढताना दिसतो तो हजारो मार्गिकांचा मिळून प्रवाह.

सराफा:
‘ग्राही’ आणि ‘मार्गिका’ यात फरक काय? माझ्या मुलीच्या पुस्तकात अ‍ॅसिटिलकोलिनच्या संदर्भात दोन्ही आहेत.

उंबरठा:
ग्राही म्हणजे रसायनाचा निरोप घेणारं प्रथिन. स्नायूवरचा तो ग्राही स्वतःच मार्गिका आहे. अ‍ॅसिटिलकोलिन (चेतातंतूचा निरोप स्नायूला देणारं रसायन) चिकटलं की त्याच प्रथिनातली वाट उघडते. सगळे ग्राही असे नसतात. हा ग्राही वेगळा काढता आला तो सापाच्या विषामुळे: तैवानमधल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातला बंगारोटॉक्सिन हा घटक त्याला जो चिकटतो तो सुटत नाही. आपली मण्यार त्याच कुळातली. चावा फारसा दुखत नाही, आणि सकाळी पापण्या उघडत नाहीत.

दर्याकाठ:
आमच्याकडे मण्यारीपेक्षा लाल विंचवाची धास्ती मोठी. त्याचाही या विषयाशी संबंध आहे ना?

उंबरठा:
चांगलाच. त्याच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळांत एका जातीची पोटॅशियम मार्गिका बंद करायला वापरतात. पण माणूस दगावतो तो मुख्यतः सोडियममुळे. एरवी सोडियमची मार्गिका उघडल्यावर साधारण मिलिसेकंदात आपोआप अडते. विंचवाचं विष ते अडणं लांबवतं. चेतातंतू पेटलेलेच राहतात, अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो आणि हृदय कोलमडतं. विंचू उतरवणारे मांत्रिक इथे काय करणार? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवलं. ते औषध मार्गिकेला हात लावत नाही, पुढच्या लोंढ्याचा परिणाम रोखतं.

पानवेल:
या ‘अडण्या’वरच माझा शेवटचा प्रश्न आहे. मूळ लेखात मार्गिकेच्या तीन अवस्था आहेत. मी ‘बंद, उघडी, निष्क्रिय’ असं केलंय. बंद आणि निष्क्रिय यात वाचकाला फरक कळेल?

उंबरठा:
नाही कळणार. दोन्हीकडे वाट बंदच आहे. पण पहिल्या अवस्थेत विद्युतदाब बदलला की ती लगेच उघडते, आणि तिसऱ्या अवस्थेत काही केल्या उघडत नाही. पेशीचा दाब पूर्ववत होईपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून तर संदेश उलट फिरत नाही: मागच्या मार्गिका अजून तिसऱ्या अवस्थेतच असतात. दाताची भूल देताना वापरतात ते लिग्नोकेनही याच अवस्थेला जास्त घट्ट धरतं.

मराठीत दारासाठी हा फरक आयता आहे: लोटलेलं दार आणि कडी लावलेलं दार. ‘लोटलेली, उघडी, कडी लागलेली.’ वर विंचवाचं आलंय तेही मग एका वाक्यात बसतं: विष कडी लागू देत नाही.

पानवेल:
संपादक ‘कडी’ला घरगुती म्हणतील.

उंबरठा:
म्हणू देत. त्यांना ‘निष्क्रिय’च हवं असेल तर तेही द्या, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा: ‘निष्क्रिय, म्हणजे दाब बदलला तरी न उघडणारी.’ आणि ‘बंद’च्या जागी ‘मिटलेली’ करा.

सराफा:
‘मिटलेली’ला माझं अनुमोदन. पापणी मिटते तशी, हवी तेव्हा उघडणारी.

चहाटळ:
मण्यार चावली नसेल तर.