संध्याकाळची अभ्यासिका: संस्था नोंदवावी का?

नेरूळची_आई
सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही काही बायका संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालवतो. निम्मी मुलं सोसायटीतली, निम्मी वॉचमनकाकांची, घरकामाच्या मावशींची आणि मागच्या गावठाणात भाड्याने राहणाऱ्यांची. त्यांच्या घरी एकच खोली, त्यात टीव्ही चालू. दहावीतली एक मुलगी सगळ्यांच्या आधी येते, सतरंजी झटकून अंथरते आणि ट्यूबलाइटखालची जागा धरते. भूमितीला घाबरायची, आता सातवीतल्या पोरांना कोन काढून दाखवते. आणि कमिटीतले काहीजण म्हणतात, बाहेरची मुलं नकोत, नाहीतर भाडं भरा. फी आम्ही घेणार नाही म्हणजे नाही. संस्था नोंदवली तर आमच्या शब्दाला वजन येईल का?

वागळे_इस्टेट
वजन येतं, ताई, पण मागोमाग कागदही येतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणूनही नोंदणी करावी लागते. मग दरवर्षी हिशेब, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज. आमच्या मंडळात हे सगळं एकट्या खजिनदाराच्या गळ्यात पडलंय. देणग्या घ्यायच्या नसतील तर घाई करू नका. आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या: खोली, वेळ, वीजबिल, जबाबदार कोण. तोंडी परवानगी कमिटी बदलली की संपते.

वाशीचे_आजोबा
जवळच्या विरंगुळा केंद्रात विचारलंत का? आमच्याकडे जागा महापालिकेची, कारभार ज्येष्ठ नागरिक संघाचा. सकाळी पेपर, दुपारी कॅरम. दिवेलागणीनंतर खोली रिकामीच असायची. आता तिथे मुलं बसतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य त्यांची गणितं तपासायला थांबतात, घरून फोन आला तरी उठत नाहीत. मुलं आली म्हणून आमचंही केंद्र जागं राहिलं, हे मी मनापासून सांगतो.

नौपाडाकर
ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली लोकांनीच उभं केलं आणि आजही चालू आहे. तेव्हा नोंदणीला मी नाही म्हणणार नाही. पण आधी सांगा, किल्ली कोणाकडे असते? एकाच घरात असेल तर ते लोक गावी गेले की मुलं दारातून परततात. दोनदा परतली की तिसऱ्यांदा येत नाहीत. किल्ल्या तीन घरांत ठेवा.

नेरूळची_आई
किल्ली माझ्याकडेच आहे. उद्याच आणखी दोन करून घेते. आजोबा, संघाच्या अध्यक्षांना भेटायला सकाळी यावं की संध्याकाळी? आणि अशा ठरावाचा मसुदा कोणाकडे असेल तर कृपया इथे टाका, सभा याच महिन्यात आहे.