हाताची नस जोडली, सहा महिने झाले, बोटं अजून का हलंनात?

तासगावचा_ऊसवाला
नमस्कार मंडळी. जानेवारीत ऊसतोड चालू असताना धाकट्या भावाच्या डाव्या हाताला कोयता लागला, कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला. नस तुटली. त्याच दिवशी मिरजेला नेलं, डॉक्टरांनी नस जोडली, जखम कधीच भरली. पण आता जुलै लागला तरी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच, दोन्ही बधिर, आणि अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसाचा भाग पार आत गेलाय, तिथं खड्डा पडलाय. डॉक्टर म्हणत्यात थांबा, पण आई रोज म्हणती ऑपरेशन वाया गेलं. वायर जोडली की लगेच लाइट येते ना, मग नस जोडल्यावर बोट का हलत नाही? आणि पंजाला तर कोयता लागलाच नव्हता, मग तिथलं मांस का वाळलं?

मास्तर_साताऱ्याचे
तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, पण आधी पहिला घेतो. इथं नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू, आणि ती वायर नाही. बोट हलवणारी पेशी मानेतल्या मणक्याच्या आत, मज्जारज्जूत असते आणि तिचा एकच बारीक धागा तिथून थेट पंजापर्यंत येतो, असे हजारो धागे मिळून एक नस. धागा तुटला की पेशीपासून तुटलेला पुढचा सगळा भाग मरतो आणि विरघळून जातो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञांनी बेडकाच्या जिभेची नस कापून हे 1850 मध्येच दाखवलं होतं. डॉक्टरांनी जोडलं ते नसेचं आवरण, म्हणजे रिकाम्या नळ्या. त्या नळ्यांतून धाग्याला पुन्हा पंजापर्यंत वाढत जावं लागतं. तुम्ही तासगावचे, तर असं समजा की द्राक्षाचा मांडव उभा आहे, तारा ताणलेल्या आहेत, पण वेल बुडातून परत चढायचाय.

आता मांस का वाळलं. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये अगदी बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे स्नायूवर ते पकडणाऱ्या जागा दाटीनं बसलेल्या असतात, ते पोचलं की स्नायू आखडतो. पण नसेकडून फक्त हुकूम येत नाही, स्नायूचं पोषणही त्या येण्याजाण्यावर टिकून असतं. नस गेली की स्नायू बारीक होतो आणि त्या पकडणाऱ्या जागा एका ठिकाणी न राहता स्नायूच्या सगळ्या धाग्यावर पसरतात. पोटातल्या बाळाच्या स्नायूला नस येऊन भिडण्याआधी त्या अशाच पसरलेल्या असतात, म्हणजे स्नायू परत वाट बघायच्या अवस्थेत जातो. मला हे दरवेळी शिकवताना भारी वाटतं. सुरुवातीला तर एकेका स्नायूधाग्यावर नसेचे एकाहून जास्त धागे येऊन टेकलेले असतात, मग त्यांच्यात चढाओढ होते आणि शेवटी एकच उरतो. परत वाढणारी नसही बहुतेकदा जुन्याच जागेवर येऊन जुळते.

फिजिओ_सांगली
सरांनी छान सांगितलं. मी हिशोब सांगते. धागा साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वाढतो, महिन्याला तीनेक सेंटीमीटर धरा, आणि सुरुवातीचा महिनाभर तो निघायलाच जातो. कोपरापासून पंजाच्या स्नायूंपर्यंत 25 सेंटीमीटरच्या पुढं अंतर आहे, म्हणजे आठ-दहा महिने सहज लागणार, सहा महिन्यांत पंजा हलला नाही म्हणून वाया गेलं असं अजिबात नाही. वाढ चालू आहे का हे घरी बघा. जखमेपासून पंजाच्या दिशेनं नसेच्या वाटेवर बोटानं हळू टिचकी मारत या, जिथं करंगळीत करंट आल्यासारखं झिणझिणतं तिथं धाग्याचं टोक असतं. पेनानं खूण करा, तारीख लिहा, दर महिन्याला परत बघा, खूण पुढं सरकली पाहिजे.

पण दादा, नुसतं थांबून राहायचं पण नाही. नस नसलेला स्नायू दीड वर्षाच्या आसपास तग धरतो, त्यानंतर धागा पोचला तरी फारसा उपयोग होत नाही. खूण दोन-तीन महिने एकाच जागी अडकली तर लगेच डॉक्टरांना भेटा, ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या संदेशांची तपासणी, करून घ्या. पंजाजवळची दुसरी एखादी नस वळवून त्या स्नायूंना देता येते, पण ते वेळेत ठरवावं लागतं. तोवर बोटांचे सांधे दुसऱ्या हातानं रोज पूर्ण सरळ करायचे, आखडले तर नस येऊनही बोट उघडणार नाही. आणि बधिर बोटांना चहाचा कप, तवा, बाइकचा सायलेन्सर जपा, भाजलेलं कळतच नाही.

वाळवा_पाटील
भावा, माझं मनगटाजवळ काचेनं कापलेलं, तीच नस. पाच महिने काहीच नाही, शर्टाचं बटण बायको लावायची, गाडीची किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायचे. मग एक दिवस अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस आपोआप थरथरल्यासारखं वाटलं, पुढं पंधरा दिवसांनी कागद चिमटीत धरता आला. अजून पूर्वीसारखी ताकद नाही, थंडीत करंगळी गारठती, पण बटण मीच लावतो. आईला हे वाचून दाखव.

तासगावचा_ऊसवाला
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर टिचकी मारून बघितलं. जखमेपाशी काही नाही, मग टेप लावून खाली खाली येत 12 सेंटीमीटरवर आलो तर भाऊ एकदम हात ओढून म्हणाला करंगळीत करंट आला. आईनंच पेन आणून दिला. खूण केलीय, तारीख घातलीय, पुढच्या महिन्यात इथंच कळवतो.