दिवाळीनंतर कॅलेडियमची पाने लोळू लागली आहेत. पाणी वाढवावे का?

प्रश्न: पुण्यातील आमच्या उत्तरेकडच्या गॅलरीत, जिथे थेट ऊन जवळजवळ येत नाही, कॅलेडियम पावसाळाभर उत्तम वाढले, हिरव्या शिरांच्या पांढऱ्या पानांतून आरपार उजेड दिसत असे. आता मात्र देठ एकामागून एक आडवे होत आहेत. झाड मरत आहे का?

उत्तर १: पाणी वाढवू नये, ही कळकळीची विनंती. ही दक्षिण अमेरिकेतील कंदवर्गीय बहुवर्षायू वनस्पती असून प्रतिकूल काळ ती जमिनीखाली कंदरूपात काढते, त्यामुळे पाने पिवळी पडू लागताच पाणी हळूहळू कमी करावे आणि ती पूर्ण सुकल्यावर बंदच करावे. ओल्या मातीत निजलेला कंद सडतो; अनेक कॅलेडियम थंडीपेक्षा अशा मायेनेच दगावतात.

उत्तर २: कंद कुंडीत राहिला तरी चालतो, परंतु शेजारच्या कुंड्यांचे पाणी त्यात झिरपता कामा नये. बाहेर काढल्यास माती झटकून, सावलीत सुकवून, कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घरात ठेवावा, कारण १५ अंशांखालचे तापमान त्याला मानवत नाही. उन्हाळा सुरू झाल्यावर डोळे वर ठेवून सुमारे ५ सेंटिमीटर खोल, भरपूर शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू मिसळलेल्या मातीत लावावा.

प्रश्नकर्ता: घरात मांजर आहे. कंद उघडा ठेवावा का?

उत्तर २: अजिबात नाही. हे अळूच्याच कुळातील झाड आहे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक तोंड आणि घसा सुजवतात.